बोलत्या घड्याळाचे मृत्युलेख: काही तक्रारी



मागची पोस्ट गिरण्यांच्या भोंग्यांवर होती. ती वाचून दोघातिघांनी विचारलं, की बाई तुझ्या प्रबंधाचा विषय नक्की आहे तरी काय, भोंगे की घड्याळं? तर दोन्ही. लोकांना वेळ कोण सांगत होतं, कुठल्या अधिकारानं सांगत होतं, आणि ते सांगणं थांबलं तेव्हा नेमकं काय थांबलं, हा माझा विषय. भोंगा त्यातला एक. फोनवरचं बोलतं घड्याळ दुसरं. आज त्याबद्दल.

ज्यांनी लँडलाइन फक्त सिनेमात पाहिली त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. फोनवर एक छोटा नंबर फिरवायचा, मुंबईत आमच्या घरी तो १७४ होता, आणि पलीकडून आधीच रेकॉर्ड केलेला आवाज आत्ताची वेळ सांगायचा. ऐकायचं, घड्याळ लावायचं, फोन ठेवायचा. बस. जगातल्या बऱ्याच देशांत अशी सेवा होती आणि गेल्या पंधरावीस वर्षांत ती एकेका ठिकाणी बंद होत गेली. कॅलिफोर्नियात २००७ मध्ये, ऑस्ट्रेलियात २०१९ मध्ये, फ्रान्समध्ये १ जुलै २०२२ ला.

प्रत्येक वेळी वर्तमानपत्रांनी तिच्यावर मृत्युलेख लिहिले. पूर्वसंशोधनाचा आढावा घ्यायचा म्हणून मी ते ढिगानं वाचलेत, आणि आता मला ते वाचायला बसायच्या आधीच पाठ येतात. सुरुवातीला वेळेवर एक कोटी. मग आवाज देणाऱ्या माणसाचं कौतुक. मग पहिल्या दिवशी किती फोन आले तो आकडा. मग 'स्मार्टफोनच्या युगात' हे दोन शब्द. शेवटी एक म्हातारे गृहस्थ, ज्यांना चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय. झाला लेख. खोटं कोणी लिहीत नाही, पण हे लेख एका निर्णयाला निसर्गनियम करून टाकतात. कोणीतरी सेवा बंद केली, असं न म्हणता ती 'काळाच्या ओघात गेली' म्हणतात. माझी पहिली तक्रार ही.

कबुली देऊन टाकते, माझ्या प्रकरणाच्या पहिल्या खर्ड्यातही तेच वाक्य होतं. 'मोबाइलच्या प्रसारामुळे ही सेवा कालबाह्य झाली.' आमच्या सरांनी त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारून एकच शब्द लिहिला, 'कोणासाठी?' त्या शब्दानं माझे पुढचे आठ महिने खाल्ले.

पॅरिसपासून सुरू करू, कारण या प्रकाराची सुरुवात तिथली आणि ती गमतीशीर आहे. पॅरिसच्या वेधशाळेकडे अचूक वेळ होती आणि टेलिफोनही होता. लोकांना हे कळायला वेळ लागला नाही. जो तो फोन करून विचारायचा, किती वाजले हो? वेधशाळेची लाइन सतत गुंतलेली, खुद्द वेधशाळेच्या लोकांना कामासाठी फोन मिळेना. तेव्हाचे संचालक एर्नेस्त एस्क्लांगाँ यांनी यावर तोडगा काढला, की उत्तर देण्यासाठी यंत्रच बसवू. १४ फेब्रुवारी १९३३ ला ते सुरू झालं. पहिल्या दिवशी सुमारे १ लाख ४० हजार फोन आले आणि त्यातल्या २० हजारांच्या आसपास लोकांनाच उत्तर मिळालं, कारण लाइनी होत्या वीस. हा आकडा प्रत्येक मृत्युलेखात असतो, पण त्याचा अर्थ कोणी लावत नाही. आधी मागणी होती, सेवा नंतर आली. कुठल्या कंपनीनं 'चला, लोकांना वेळ विकू' म्हणून ती काढली नव्हती. लोकांनी एका सार्वजनिक संस्थेचं दार इतकं ठोठावलं, की तिला दाराशी यंत्र बसवावं लागलं.

आवाज मार्सेल लापोर्त यांचा. रेडिओवर ते 'रादिओलो' नावानं लोकप्रिय होते. यंत्र कसं चालायचं हे समजायला सोपं आहे. बोलपटात जसा ध्वनी फिल्मच्या कडेला प्रकाशाच्या पट्ट्यात उमटवलेला असतो, तशाच पट्ट्या एका फिरत्या नळकांड्यावर. दिवा, पट्टी, पलीकडे प्रकाशविद्युत घट. तासांचा आवाज एकीकडे, मिनिटांचा दुसरीकडे, सेकंदांचा तिसरीकडे, आणि यंत्र ते जोडून वाक्य करायचं. म्हणजे 'चौथ्या ठोक्याला बरोबर अमुक वाजतील' हे वाक्य सलग असं कोणी बोललेलंच नव्हतं. प्रभातचा 'अयोध्येचा राजा' १९३२ चा. आपल्याकडे पडदा मराठीत बोलायला लागला त्याच्या पुढच्याच वर्षी पॅरिसमधलं घड्याळ बोलायला लागलं, आणि दोघांच्या घशातलं तंत्र एकाच घराण्यातलं.

लंडनचं घड्याळ २४ जुलै १९३६ ला आलं. तिथे ध्वनी काचेच्या तबकड्यांवर होता, आणि ठोके चार नाहीत, तीन. फ्रेंच माणूस चौथ्या ठोक्याला घड्याळ लावायचा, इंग्रज तिसऱ्या. (यावर कोणी प्रबंध लिहिला असेल तर मला पाठवू नका, मी त्यात अडकेन.) आवाजासाठी टपाल खात्यानं आपल्याच टेलिफोन ऑपरेटर मुलींमध्ये स्पर्धा घेतली. परीक्षकांत राजकवी जॉन मेसफील्ड होते, नटी सिबिल थॉर्नडाइक होत्या. जिंकली एथेल केन. बक्षीस दहा गिनी.

इथे माझी दुसरी तक्रार. मृत्युलेख लिहिणाऱ्यांना या सेवेत 'माणसाचा आवाज' हरवल्याचं दुःख असतं. अहो, माणूस तर ही सेवा आली तेव्हाच गेला होता! त्याआधी एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरला विचारलं की ती भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ सांगायची. बोलतं घड्याळ आलं ते हे काम तिच्याकडून काढून घ्यायला. एथेल केनच्या आवाजानं तिच्याच मैत्रिणींचं एक काम संपवलं. आज ज्याला आपण जिव्हाळ्याचा मानवी स्पर्श म्हणतोय ते त्या काळचं कोरडं, बिनचूक ऑटोमेशन होतं. जुनं झालं की सगळंच मायाळू वाटायला लागतं, हा मुद्दा वेगळा.

जरा विषयांतर, पण मला ते फार आवडतं म्हणून करते. समजा आपल्याला मराठीत असं तुकडे जोडून बोलणारं घड्याळ करायचंय. इंग्रजीत 'ट्वेंटी' आणि 'वन' वेगवेगळे बोलून जोडता तरी येतात. आपल्याकडे एकवीस, बावीस, तेवीस, प्रत्येकाचा चेहरा वेगळा, आणि एकोणतीस तर तिसाच्या दारात उभं राहून विसाच्या घरात राहतं. म्हणजे साठच्या साठ आकडे स्वतंत्र बोलून घ्यावे लागणार. तेही चालेल. पण आपण वेळ सांगतो कशी? सव्वासहा, साडेसहा, पावणेसात. दीड, अडीच. सातला पाच कमी. 'दीड' मध्ये तास आणि मिनिटं एकाच शब्दात विरघळलेली आहेत, यंत्राला ती वेगळी काढता येणार नाहीत. 'पावणेसात' तर त्याहून वाईट. अजून सहाचाच तास चाललाय, पण बोलायचं सातचं नाव घेऊन. म्हणजे तासाचा तुकडा निवडायच्या आधी यंत्राला मिनिटं बघावी लागतील. म्हणूनच यंत्रं मराठीत बोलली की 'एक वाजून तीस मिनिटे' म्हणतात आणि आपल्याला लगेच कळतं, की हे यंत्र आहे. आमच्या आत्याला कोणी 'एक वाजून तीस मिनिटे झाली' असं सांगितलं, तर ती विचारेल, रेल्वेत लागलास का रे?

हां, तर परत मुद्द्यावर.

सेवा बंद करताना कंपन्या सांगतात ती कारणं दोन. फोन कमी झाले आणि उपकरणं जुनी झाली. दोन्ही खरी. फ्रान्समध्ये १९९१ च्या सुमारास वर्षाला लाखोंच्या संख्येनं येणारे फोन २०२१ पर्यंत काही दहा हजारांच्या घरात आले होते. पण हा आकडा वाचताना त्याच्या शेजारी दुसरा ठेवा. शेवटच्या काळात त्या नंबरवर एकदा फोन करायला दीड युरो पडत होते, वर कॉलचा दर वेगळा. म्हणजे आपल्या शंभराहून जास्त रुपयांत 'किती वाजले?' एवढं एकदा विचारायचं! कुठल्याही सेवेवर इतकं तिकीट लावा, गर्दी ओसरेल, आणि मग ओसरलेली गर्दी दाखवून ती बंद करता येईल. ठरवून केलं असा माझा आरोप नाही. पण फोनची संख्या ही गरजेचं माप आहे असं धरून चालणाऱ्या लेखकांनी किमान किंमत तरी छापायला हवी होती. मी वाचलेल्या बऱ्याच लेखांत ती नाही.

आणि 'स्मार्टफोनमुळे' या कारणाचं काय? त्याला उत्तर खाडीपलीकडेच आहे. इंग्लिश खाडी ओलांडा. ब्रिटनमध्ये लोकांच्या खिशात तेच स्मार्टफोन आहेत, आणि तिथलं बोलतं घड्याळ मी हे लिहितेय तेव्हाही १२३ या नंबरवर चालू आहे. २०१६ मध्ये त्याला ऐंशी वर्षं झाली तेव्हा वर्षाला सव्वा कोटीच्या आसपास फोन येतात असं सांगितलं गेलं होतं. एकच कारण दोन शेजारी देशांत दोन वेगळे परिणाम करत असेल, तर ते पुरेसं कारण नाही, हे आम्हाला संशोधनपद्धतीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात.

त्याहून बोलका तपशील म्हणजे तिथे सर्वांत जास्त फोन कधी येतात. वर्षाची शेवटची रात्र. घड्याळं पुढेमागे करायचे दोन दिवस. आणि नोव्हेंबरमधला स्मृतिदिन, ज्या दिवशी सकाळी ११ वाजता दोन मिनिटं स्तब्धता पाळतात. जरा विचार करा. ३१ डिसेंबरच्या रात्री अकरा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी फोन करणाऱ्या माणसाला किती वाजले हे माहीत नाही का? चांगलं माहीत आहे. त्याला वेळ नकोय, त्याला तो क्षण इतरांबरोबर हवाय. खोलीतल्या दहा जणांच्या दहा फोनांवर बारा वेगवेगळ्या सेकंदाला वाजतात. बारा नक्की कधी वाजले हे ठरवायला सगळ्यांनी मान्य केलेला एक आवाज लागतो.

आपल्याला हे नवीन वाटू नये. आपल्याकडे लग्नात घटिकापात्र असायचं. पाण्यावर तरंगणारी तळाला भोक पाडलेली वाटी, ती भरून बुडाली की २४ मिनिटांची एक घटका. पण नुसती वाटी बुडून भागत नव्हतं. तिच्याजवळ बसलेल्या माणसानं ती भरली असं सांगावं लागायचं आणि मांडवानं ते ऐकावं लागायचं. तेव्हा अंतरपाट दूर व्हायचा. आत्ताचं उदाहरण हवं असेल तर सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव घ्या. तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले टीव्ही, मोबाइल बंद ठेवतात, मुलांनी अभ्यास करावा म्हणून. २०२२ मध्ये याची बरीच बातमी झाली. गावात प्रत्येकाच्या हातातल्या मोबाइलवर घड्याळ असताना भोंगा कशाला? तर याच कारणासाठी. सात वाजले हे माहीत असणं आणि सगळ्यांचे सात एकदम वाजणं यात फरक आहे.

आता एक पुस्तक सुचवते. डेव्हिड रूनी यांचं रूथ बेलव्हिलवरचं, 'द ग्रीनिच टाइम लेडी', २००८ चं. ही बाई लंडनमध्ये वेळ विकायची, अक्षरशः. दर आठवड्याला ग्रीनिच वेधशाळेत जायचं, जॉन आर्नल्डनं बनवलेलं आपलं क्रोनोमीटर तिथल्या घड्याळाशी ताडून घ्यायचं, किती फरक आहे त्याचा कागद घ्यायचा, आणि मग लंडनभर फिरून वर्गणीदार घड्याळजींना, दुकानदारांना ती वेळ दाखवायची. वडिलांनी १८३६ मध्ये सुरू केलेला धंदा, मग आईनं चालवला, मग हिनं. क्रोनोमीटरला ती 'आर्नल्ड' म्हणायची, घरातल्या माणसासारखं. १९०८ मध्ये तारेनं वेळ पुरवणाऱ्या कंपनीचे सेंट जॉन विन यांनी एका भाषणात तिच्या पद्धतीची टर उडवली, आणि बाई असल्याचा ती फायदा घेते असंही सुचवलं. पेपरांत छापून आलं. परिणाम? बाईंचं नाव झालं, गिऱ्हाईक टिकलं. १९२४ मध्ये बीबीसीचे सहा ठोके रेडिओवर सुरू झाले, तरी ती फिरत होती. १९३६ मध्ये बोलतं घड्याळ आलं, तरी फिरत होती. थांबली १९४० च्या सुमारास, युद्ध आणि म्हातारपण दोन्ही आल्यावर.

रूनी यांचं पुस्तक मला का आवडतं, तर ते बेलव्हिलला मागे राहून गेलेली गोड म्हातारी करत नाहीत. गिऱ्हाइकाला तिच्याकडून नेमकं काय मिळत होतं ते विचारतात. तारेतून वेळ यायची, पण तार बिघडली तर चुकीची वेळही तितक्याच रुबाबात यायची. बेलव्हिलबाई कागद घेऊन समोर उभ्या राहायच्या. चूक झाली तर कोणाला विचारायचं हे माहीत होतं. बोलत्या घड्याळाच्या मृत्युलेखांत मला नेमका हा प्रश्न हवा होता आणि तो कुठेच सापडत नाही. ही तिसरी तक्रार, आणि माझ्या प्रबंधाचा गाभाही हाच.

कारण बघा, 'आता फोनवरच वेळ दिसते' हे वाक्य आपण किती सहज बोलतो. दिसते, पण ती येते कुठून? काही वेळा मोबाइलच्या टॉवरकडून, काही वेळा इंटरनेटवरच्या वेळेच्या सर्व्हरकडून. तुमचा फोन सर्व्हरला विचारतो, किती वाजले? प्रश्न निघाल्याची आणि उत्तर आल्याची वेळ टिपून ठेवतो, जायला आणि यायला सारखाच वेळ लागला असेल असं गृहीत धरून मधला प्रवास वजा करतो, आणि स्वतःचं घड्याळ जुळवतो. पद्धत छान आहे, जुळवणीही चांगली होते. गंमत अशी, की प्रश्न-उत्तराचा हा साचा हुबेहूब १९३३ चा आहे. फक्त विचारणारे तुम्ही उरला नाहीत. यंत्र यंत्राला विचारतं, आणि कोणाला विचारलं हे तुम्हाला सांगत नाही.

याने काय बिघडलं? एरवी काही नाही. पण लीप सेकंद आठवा. पृथ्वीची गिरकी अणुघड्याळांइतकी शिस्तीची नाही, म्हणून १९७२ पासून अधूनमधून एक सेकंद वाढवून घ्यावा लागला, आजवर सत्तावीस वेळा. शेवटचा २०१६ च्या अखेरीला. आपल्याकडे तेव्हा १ जानेवारी २०१७ ची पहाट होती, साडेपाच वाजायच्या आधीच्या मिनिटात एकसष्ट सेकंद होते. बोलत्या घड्याळाला हा सेकंद उघडपणे घ्यावा लागायचा. गूगलनं काय केलं? तो एक सेकंद वीस तासांवर पातळ पसरला, दर सेकंद किंचित लांब करून. संगणकांना धक्का बसू नये म्हणून केलेली हुशार युक्ती आहे, मला त्यात कट दिसत नाही. पण त्या दिवशी मधल्या काळात गूगलची वेळ आणि जगाची अधिकृत वेळ यांत अर्ध्या सेकंदापर्यंत फरक होता, आणि इतर कंपन्यांनी आपापल्या पद्धतीनं वेगळं काही केलं. 'किती वाजले?' या प्रश्नाला त्या दिवशी कंपनीगणिक उत्तर होतं. (२०२२ च्या नोव्हेंबरात वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं ठरवलं, की २०३५ पर्यंत या लीप सेकंदाची कटकट जवळपास मिटवायची. त्यावर वेगळी पोस्ट लिहीन.)

भारतात हा प्रश्न सरकारला पडलाय, फक्त लोकांच्या बाजूनं नाही. भारतीय प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते. एप्रिल २०२२ मध्ये सायबर सुरक्षेचं काम पाहणाऱ्या सर्ट-इननं कंपन्यांना आणि संस्थांना सांगितलं, की तुमच्या संगणकांची घड्याळं या प्रयोगशाळेच्या किंवा एनआयसीच्या सर्व्हरशी जुळवा. २०२५ च्या सुरुवातीला ग्राहक व्यवहार विभागानं नियमांचा मसुदा काढला, की कायदा, व्यापार, बँका, सरकारी कामकाज सगळीकडे हीच वेळ धरावी. चांगलंच आहे. पैसे कुठल्या सेकंदाला गेले यावर खटले उभे राहतात. पण हे सगळं यंत्रांसाठी. 'खात्रीची वेळ मिळणं' हा बँकेच्या सर्व्हरचा हक्क मानायचा आणि माणसाला मात्र 'फोनवर बघा की' म्हणायचं, हे मला पटत नाही. मुंबईनं तर स्वतःची वेळ कित्येक दशकं सोडली नव्हती. प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली तरी महापालिका आपल्या 'बॉम्बे टाइम'वर अडून होती, ३९ मिनिटं मागे. या शहराला वेळ कोणाची, हा प्रश्न विचारायची सवय होती.

माझ्या बाजूचा कच्चा दुवाही सांगते, नाहीतर मी वकिली करतेय असं वाटेल. अचूकतेच्या बाबतीत बोलतं घड्याळ शेवटी शेवटी हरत होतं. तांब्याच्या तारेवर ठोका जवळपास लगेच पोचायचा. मोबाइलवर आवाजाचे पुडके बांधून ते पाठवायचे, उघडायचे, यात सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा सहज जातो. वेधशाळेनं अणुघड्याळ जोडून दिलेला ठोका तुमच्या कानापर्यंत शिळा होऊन येतो. 'बिनचूक वेळेसाठी ही सेवा वाचवा' असं कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे, मीही सुरुवातीला तेच म्हणत होते.

मग 'कोणासाठी?' या सरांच्या प्रश्नाचं उत्तर मला कुठे मिळालं? घरात. माझी मोठी आत्या दादरला राहते. काचबिंदूनं तिची नजर पन्नाशीतच जायला लागली. भिंतीवरचं घड्याळ दिसेनासं झालं तेव्हा तिनं १७४ चा आधार घेतला. फोनची बटणं बोटांना पाठ होती, एक, सात, चार. रात्री जाग आली की फोन, दुपारी औषधाआधी फोन. घरात दिवे गेले तरी लँडलाइन चालायची, तिला लागणारी वीज एक्स्चेंजमधून यायची. कोणाला उठवायला नको, 'किती वाजले गं?' म्हणून सुनेचा चेहरा ऐकायला नको. (चेहरा ऐकायला, हे तिचेच शब्द.) मग एक दिवस तो नंबर लागेना. तिला वाटलं, आपलंच बोट चुकतंय. तिनं तीन दिवस स्वतःच्या बोटांना दोष दिला. शेवटी दादानं करून पाहिला तेव्हा कळलं की सेवाच नाही. पत्र नाही, सूचना नाही. पॅरिसच्या घड्याळाला निदान तारीख देऊन निरोप दिला गेला, मृत्युलेख तरी लाभले.

आता तिच्याकडे बोलणारा मोबाइल आहे. तो वेळ सांगतो, चांगली सांगतो. पण आधी त्याचं कुलूप उघडावं लागतं, तो चार्ज असावा लागतो, आणि दर काही महिन्यांनी अपडेट आला की बोलायची पद्धत बदलते आणि भाचरांपैकी कोणीतरी जाऊन ती परत लावून द्यावी लागते. एका तीन आकड्यांच्या नंबराची जागा एका अख्ख्या कुटुंबाच्या वेळापत्रकानं घेतली. मृत्युलेखांतले ते 'चुकल्याचुकल्यासारखं वाटणारे' म्हातारे गृहस्थ आठवतात? मला आता दाट शंका येते की त्यांच्यातल्या काहींना हळवेपणा छळत नव्हता. त्यांना दिसत नव्हतं. वार्ताहरानं त्यांना आठवण विचारली, उपयोग विचारलाच नाही.

ऑस्ट्रेलियात सेवा बंद झाल्यावर एका हौशी माणसानं तोच आवाज वापरून घड्याळाची नक्कल इंटरनेटवर चढवली. काम सुबक आहे, मी बऱ्याचदा लावून ठेवते. पण ते फोनवरून लागत नाही. बोटांना पाठ असलेल्या नंबराचा प्रश्न तिथे सुटत नाही, आणि ज्यांचा तो प्रश्न होता ते लोक त्या पानापर्यंत पोचणारही नाहीत.

प्रकरणाचा नवा खर्डा आता 'कालबाह्य' हा शब्द न वापरता लिहितेय. अवघड जातंय, तो शब्द दर पानावर डोकं वर काढतो. मला एक मदत करा. तुमच्या घरी हा नंबर कोण फिरवायचं आणि कशासाठी, आठवत असेल तर कळवा. विशेषतः घरात कोणी अंध, अंथरुणाला खिळलेलं किंवा रात्रपाळीचं असेल तर. टेलिफोन खात्यात कोणी नोकरीला असेल तर सोन्याहून पिवळं. 'मजा म्हणून करायचो' हेही चालेल, आम्हीही करायचो आणि बिल आल्यावर मारही खायचो.

पुढच्या पोस्टमध्ये घटिकापात्र आणि ते सांभाळणारी माणसं.